तामलवाडीच्या मॅटमधला घाट

डोकं पुन्हा उडालं. मॅटवरून टणकन वर आलं, स्टँडच्या पाइपला धडकलं आणि गडगडत निवृत्ती वस्तादांच्या पायाशी जाऊन थांबलं. वस्ताद वाकले, त्याला हात लावून तो हात आपल्या छातीला लावला आणि म्हणाले, "माफ करा, पाय लागला."

डोकं कंपनीचं होतं. ॲल्युमिनियमचा अर्धगोल, माणसाच्या डोक्याएवढ्या वजनाचा, आत सेन्सर बसवलेला. ते उंचावरून सोडायचं, आणि खाली आपटताना त्याला किती जोराचा हिसका बसला ते सेन्सर लॅपटॉपला सांगतो. मी टेस्टिंग इंजिनियर आहे. वस्तू उंचावरून खाली टाकणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा. लहानपणी तेर गावी ज्या उद्योगासाठी पाठीत धपाटे खाल्ले, त्याचाच आता दरमहा पगार मिळतो.

तामलवाडीच्या तालमीत नवा पत्र्याचा हॉल झाला होता आणि त्यात नवी कोरी कुस्तीची मॅट अंथरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर मुलींची निवड चाचणी होती. निवड समितीची अट एकच: मॅटचा टेस्ट रिपोर्ट असेल तरच कुस्त्या इथं, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात. रिपोर्टवर सही माझी. याच मॅटचे नमुने मी पुण्याच्या लॅबमध्ये तपासले होते आणि ते झकास पास झाले होते. तेव्हा इथं येणं म्हणजे नुसता उपचार होता. दोन-चार वेळा डोकं टाकायचं, सही करायची आणि माहेरी जाऊन आईच्या हातचे शेंगोळे खायचे, असा माझा बेत.

लॅपटॉपवर मात्र असा हिसका दिसत होता, की डोकं मॅटवर नव्हे, शहाबादी फरशीवर टाकलंय असं वाटावं.

"काय बघायलाव मॅडम? झालं ना?" जमीरभाईंनी विचारलं. मॅट त्यांच्या कारखान्यातली. पिढीजात गाद्यांचा धंदा, कुस्तीची मॅट मात्र आयुष्यातली पहिलीच. त्या दिवशी त्यांनी लग्नातला कोट घातला होता.

"नाही झालं. नापास आहे."

"नापास?" वस्ताद पुढं आले. पांढऱ्या मिशा, सत्तरीतही ताठ. त्यांनी मॅटच्या मधोमध टाच रोवली आणि सावकाश दाबली. टाच आत गेली. "ही बघा. लोण्यावानी हाय. हिला नापास म्हन्ता?"

जमीरभाईंनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मऊ. मग तालमीतल्या सगळ्या मुली पुढं आल्या आणि प्रत्येकीनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. गावातले जे लोक नुसते बघायला आले होते त्यांनीही दाबून पाहिलं. सगळ्यांचं एकमत झालं, की मॅट मऊ आहे आणि पुण्याची बाई खुळी आहे.

इथं मला थोडं शिकवावं लागेल, पण घाबरू नका, गणित घालत नाही. विहिरीत हात हळूच बुडवला तर पाणी वाट देतं. त्याच विहिरीत काठावरून सपाट उडी मारली तर तेच पाणी पोटावर असा रपाटा देतं, की पोहणं शिकण्याचा विचार काही दिवस मागं पडतो. पाणी तेच. फरक वेगाचा. फोमचंही तसंच. हळू दाबला तर मऊ, वेगानं आदळलं तर कडक. पण हा बदल एकदम बटण दाबल्यासारखा होत नाही आणि सरळ रेषेतही होत नाही. वेग वाढवत जा, बराच काळ फोम मऊच राहतो. मग एका टप्प्यात भराभर कडक होत जातो. त्यानंतर वेग कितीही वाढवा, जेवढा कडक व्हायचा तेवढा झालेला असतो. आलेखावर काढलं तर आडवा पसरलेला इंग्रजी एस दिसतो. आमच्या भाषेत सिग्मॉइड, बोलताना एस-कर्व्ह.

हे सगळं मी वस्तादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुलींकडं बघून डोळे मिचकावले. मग मी आलेख त्यांच्यासमोर धरला.

"वस्ताद, ही रेघ म्हणजे आपला तुळजापूरचा रस्ता समजा. खाली तामलवाडीचं सपाट रान. मग घाट. घाट चढला की वर पुन्हा सपाट. खाली आहे तोवर मॅट मऊ. घाटात शिरली की कडक व्हायला लागते. वर पोचली की फरशी."

"आन् पैलवान पडतो तवा?"

"पैलवान पडतो त्या वेगाला आपण खालच्या रानात असलो पाहिजे. घाट त्याच्यापुढं कुठंतरी लागला पाहिजे. तुम्ही टाच दाबता ती बैलगाडीच्या चालीनं. त्या चालीला सगळ्याच मॅट तामलवाडीत असतात."

"मग हिचा घाट कुठं हाय?"

"तेच तर! पुण्यात लांब होता. इथं पैलवान पडायच्या आधीच लागतोय."

वस्तादांना हे इतकं आवडलं, की ते प्रत्येक येणाऱ्याला "मॅटचा घाट अलीकडं आलाय" असं सांगत सुटले. ऐकणारे गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होते आणि माझी पाठ वळली की हसत होते.

हसली नाही ती एकटी शिवकन्या. विशीतली, तालमीतली सगळ्यात तयारीची पैलवान. मागच्या वर्षी बाहेरगावी एका झिजलेल्या मॅटवर ती मानेवर पडली होती आणि त्यानंतर कित्येक महिने पट्टा बांधून घरी बसली होती. तिचे वडील एसटीवर ड्रायव्हर. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, आपल्या गावात, तपासलेल्या मॅटवर होणार असेल तर खेळ, नाहीतर कुस्ती बंद. उद्याची चाचणी दुसरीकडं गेली असती, तर बाकीच्या मुली कशाबशा गेल्या असत्या. शिवकन्या गेली नसती.

"मॅडम," ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सही करा म्हनत न्हाय मी. पन काय बिघडलंय ते तरी हुडका. लई दिस वाट बघितलीय."

 खोटी सही करायचा प्रश्नच नव्हता. त्या मॅटवर पहिली आपटणार होती तीच.

मी पुण्याला बापट सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन लावला.

"सेन्सर लूज असेल," सर म्हणाले.

"तपासला."

"खालचं काँक्रीट?"

"सगळीकडं सारखं."

"मग मटेरियल बदललंय. क्लायंटनं सॅम्पल एक दिलं आणि माल दुसरा टाकला. नेहमीचंच आहे. फेल लिही आणि निघ."

जमीरभाई शेजारीच उभे होते आणि सरांचा आवाज खणखणीत. जमीरभाईंचा चेहरा पडला. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "मॅडम, अल्ला कसम, तोच माल हाय. ह्या मॅटवर माझ्या गावच्या पोरी पडनार. गादीत एक येळ मी हात मारला असंल, हिच्यात न्हाय."

हॉलच्या व्हरांड्यात उरलेल्या फोमच्या लाद्या पडल्या होत्या. मॅट अशीच बनते: फोमच्या मोठ्या लाद्या शेजारी शेजारी लावायच्या आणि वरून पट्टे जोडून केलेलं एकच ताणलेलं कव्हर. मी एक उरलेली लादी उचलून काँक्रीटवर ठेवली आणि तिच्यावर डोकं टाकलं. हिसका अगदी पुण्यातल्यासारखा, गोड. घाट लांब, जिथं हवा तिथं.

म्हणजे सेन्सर ठीक, मालही ठीक. मग मॅट का नापास?

आता मला चेव आला. मी स्टँड उचलला आणि मॅटच्या अगदी कडेला डोकं टाकलं. पास! तिथून थोडं आत सरकले. पास, पण काठावर. आणखी आत. नापास. मधोमध, जिथं कुस्तीचा गोल असतो, तिथं सपशेल नापास. प्रत्येक जागी मी डोकं कमी उंचीवरून, मग जास्त उंचीवरून टाकत होते, कारण उंची वाढली की वेग वाढतो. प्रत्येक वेगाचा एक ठिपका, आणि ठिपके जोडले की त्या जागेचा एस. मुलींनी माझ्या हातातलं काम काढून घेतलं. दोघी स्टँड धरायच्या, एक डोकं झेलायची, शिवकन्या उंची सांगायची आणि वस्ताद प्रत्येक वेळी "सोडा!" म्हणून आरोळी ठोकायचे, जशी काही कुस्तीच लावताहेत. आपटलं की सगळा हॉल ओरडायचा, "घाट कुठं?" आणि मी लॅपटॉपकडं बघून ओरडायचे, "आणखी अलीकडं!" माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत टेस्टिंगला टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. मीही तारतम्य सोडलं होतं, हे कबूल करते. एकदा तर मीच "सोडा!" म्हणून ओरडले.

सगळे एस एकाखाली एक लावले आणि मी खुर्चीतून उठलेच. प्रत्येक एसचा आकार तोच होता. खालचं रान तेवढंच मऊ, चढ तसाच. फक्त अख्खा घाट कडेकडून मध्याकडं येताना अलीकडं सरकत आला होता. माल बदलला असता तर खालचं रानसुद्धा बदललं असतं. इथं फोम तोच होता, त्याच्या आत काहीतरी घुसलं होतं. फोम म्हणजे भोकंच भोकं. भोकांत हवा असली की आपटल्यावर ती पटकन निसटते. हवेच्या जागी काही पातळ असलं, की हळू दाबलं तर ते निवांत बाजूला सरतं, पण वेगानं आपटलं तर त्याला निसटायला वेळच मिळत नाही. तेच विहिरीचं पाणी.

"ह्या मॅटच्या पोटात पाणी आहे!" मी जाहीर केलं.

"पानी?" जमीरभाई उसळले. "सकाळी टेम्पोतनं उतरवली तवा खडखडीत कोरडी व्हती! पत्रा बी गळत न्हाय!"

सगळ्यांनी वर पत्र्याकडं पाहिलं. वस्तादही पत्र्याकडं बघत होते. पण बाकीच्यांचं बघून झालं तरी ते बघतच राहिले.

"वस्ताद," मी विचारलं, "तुम्ही हिच्यात पाणी घातलंत?"

"पानी न्हाय घातलं," वस्ताद छताला म्हणाले.

"मग?"

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "ताक."

सगळ्यांच्या नजरा पत्र्यावरून खाली मॅटकडं वळल्या.

"आन् हळद," ते म्हणाले. "आन् थोडं तेल. आन् लिंबं. आता नवा आखाडा म्हनल्यावर त्याला ताक, हळद, तेल नको? माती तर तशीच तयार करत्यात. आमच्या वस्तादानं केली, त्यांच्या वस्तादानं केली. कोरड्या आखाड्यात लेकी उतरवायच्या म्हन्ता? कव्हरवर वतलं तर वाहून जाईल, म्हून पोरी कव्हर ताणायच्या आधी म्या आत वतलं. मधी जास्त. कुस्ती मधीच हुती ना."

"किती वतलं?" जमीरभाईंचा आवाज चिरकला.

"घरोघरनं गोळा केलं व्हतं. गाव लई हौसेनं देतंय, न्हाय कसं म्हनावं?"

पहिली फुटली शिवकन्या. तिनं तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून बाहेर आलं आणि ती तिथंच मॅटवर लोळण घेऊन हसायला लागली. मग सगळ्या मुली. मग जमीरभाई, कोटाशेजारी खुर्चीवर बसून, डोळे पुसत. मी लॅपटॉप बंद करून ठेवला, कारण स्क्रीन दिसत नव्हती. वस्ताद थोडा वेळ रागानं बघत होते. मग त्यांच्या मिशा हलल्या. "हसा, हसा," ते म्हणाले, "मॅटीला ताक पाजनारा तालुक्यात पहिला म्याच!" आणि ते स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले.

कव्हर उचललं. आत मधल्या लाद्या पिवळ्याधमक, आणि वास असा, की कुणीतरी म्हणालं, "फोडणी दिली की कढी तयार." बाकीच्यांना तो वास तालमीच्या मातीचा वाटला होता, आणि माझं नाक त्या दिवशी सर्दीनं बंद होतं. नसतं, तर सेन्सरची गरजच नव्हती.

हसून झालं आणि काम उरलं. जमीरभाईंनी टेम्पो कारखान्याकडं पिटाळला. दुसऱ्या ऑर्डरीसाठी बनवलेल्या लाद्या तिथं कोरड्या पडून होत्या. मुलींनी ओल्या लाद्या बाहेर ओढल्या आणि वस्तादांच्या हुकमानं त्यांच्यावर नाचून त्या पिळायला सुरुवात केली. पिवळं ताक मैदानभर वाहिलं. आसपासच्या शेळ्यांना बातमी कशी लागली देव जाणे, पण त्या आल्या, सगळ्या आल्या, आणि लाद्या चाटायला लागल्या. एका काळ्या बोकडानं लादीचा कोपरा खाऊन पाहिला आणि नापास केला.

नव्या लाद्या बसल्या. पुन्हा डोकं टाकलं. मधोमध, कडेला, मध्ये कुठंही. पास. "घाट कुठं?" हॉल ओरडला. "लांब!" मी ओरडले, आणि एवढा आरडाओरडा झाला की शेळ्या पळाल्या.

पेन हातात घेतलं आणि मी थांबले.

"आता काय?" जमीरभाईंनी घाबरून विचारलं.

"जमीरभाई, आज हिच्या पोटात ताक गेलं. उद्यापासून रोज घाम जाणार. रोज पुसायचं पाणी जाणार. कव्हरच्या जोडांतून मुरत मुरत ही मॅट सहा महिन्यांत तिथंच येईल, जिथं वस्तादांनी तिला एका सकाळीत आणली. आणि टाच दाबणाऱ्याला ती लोण्यासारखीच लागेल."

शिवकन्या माझ्याकडं बघत होती. मागच्या वर्षीची ती बाहेरगावची मॅट आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर एकदमच आली असावी. तीही अंगठ्याला मऊच लागली असणार.

जमीरभाईंनी शर्टाच्या बाह्या गुंडाळल्या. कारखान्यातून गरम हवेचं मशीन आणि कव्हरचा आणखी एक तागा मागवला. खालूनही कव्हर लावलं, सगळे जोड वितळवून एकजीव केले. हवा आतबाहेर खेळायला फक्त काठाला, खालच्या अंगानं, जाळीच्या फटी ठेवल्या, कारण हवाही कोंडली तर घाट पुन्हा सरकला असता. मग मी वस्तादांच्या हातात पाण्याची बादली दिली. "ओता मधोमध." वस्तादांनी एवढ्या आनंदानं कुठली आज्ञा पाळली नसेल. ओतलं, पुसलं, डोकं टाकलं. पास. तेव्हा सही केली.

वस्तादांचा आखाडा मात्र कोरडाच राहिला होता, आणि ते काही त्यांना सहन होईना. शेवटी असं ठरलं, की ताक, हळद, तेल बाहेरच्या जुन्या लाल मातीला द्यायचं आणि मॅटवर उतरण्याआधी प्रत्येकीनं त्या मातीचा टिळा लावायचा. मी टिळ्याचं वजन मोजलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट पाठवला. बापट सरांचा फोन लगेच आला.

"टेस्ट कंडिशनमध्ये हे काय लिहिलंयस? 'ताकविरहित'?"

"सर, खरं तेच लिहिलंय."

मी त्यांना ताकापासून घाटापर्यंत सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "सगळा आलेख पाठव. घाटासकट."

दुसऱ्या दिवशी हॉल भरून वाहत होता. शिवकन्येचे वडील ड्युटीच्या खाकी कपड्यांतच आले होते. ते थेट माझ्याकडं आले. वस्तादांनी गावभर केलेला प्रचार त्यांच्यापर्यंत पोचला असणार. रोज तुळजापूरचा घाट चढवणारा माणूस. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, माझी पोरगी पडली, तर घाटाच्या खाली पडंल का वर?"

"खाली," मी म्हणाले. आवाज ठाम निघाला. 

दुसऱ्याच कुस्तीत समोरच्या दांडग्या मुलीनं शिवकन्येला उचललं आणि डोक्यावरून मागं फेकलं. शिवकन्या मान आणि खांद्यावर आदळली. तो आवाज मी ओळखते; आदल्या दिवशी तोच ऐकत होते.  तिचे वडील उभे राहिले. माझ्या डोक्यातले सगळे एस कुठल्या कुठं गेले. उरली ती फक्त एक मुलगी, मॅटवर पडलेली.

शिवकन्येनं मान वळवली. डावीकडं, उजवीकडं. मग ती हसली, टाळकं खाजवलं आणि उठून पुन्हा भिडली. पुढच्या डावात तिनं त्या दांडगीला चीतपट केलं. वस्ताद मॅटवर धावत गेले, जमीरभाई त्यांच्या मागोमाग, आणि शिवकन्येचे वडील जागच्या जागी खाली बसले आणि टोपीत तोंड लपवून रडले. मीही रडले, आणि एकीकडं हसतही होते, आणि ते थांबवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

या प्रकरणातून धंद्याला उपयोगी अशी एकच गोष्ट शिकले. नवीन जागी टेस्टिंगला गेले की पूर्वी मी ग्राहकाला विचारायचे, "मालात काही बदल केलाय का?" सगळे "नाही" म्हणायचे, आणि ते खरंही असायचं. आता मी विचारते, "याची पूजा केलीत का, आणि कशानं?"

अजून तरी कुणी "नाही" म्हणालेलं नाही.